पेटी बंद होईपर्यंत

तळोजा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये तुम्ही उभे आहात. समोर पोलादी बॉक्स गर्डरचा एक भाग आहे, वरची प्लेट अजून बसायची आहे. कडेच्या प्लेटवर हात ठेवा. लांबी-रुंदीच्या मानानं ती पत्र्यासारखीच. आतून स्टिफनर वेल्ड केलेत म्हणून ताठ राहते. दाब वाढला की अशी प्लेट तुटण्याआधी फुगते. चारही बाजू बंद झाल्या की पेटी पीळही सहज पेलते. तोवर तिला जपावं लागतं.

हात काढू नका.

15 ऑक्टोबर 1970. हाताखालचं पोलाद आता मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचं आहे. 112 मीटरचा गाळा दोन उभ्या अर्ध्या भागांत वर चढवलाय. दोन्ही जुळवताना उत्तरेचा भाग 114 मिलिमीटर वर राहिला. तो खाली बसावा म्हणून त्यावर आठ-आठ टनांचे दहा काँक्रीटचे ठोकळे ठेवले, आणि वरच्या प्लेटला पोट आलं. आज सकाळपासून ते पोट सपाट करायला जोडाचे बोल्ट काढताहेत. निघालेल्या प्रत्येक बोल्टचा भार शेजारच्या पोलादावर जातो. फुगवटा बसण्याऐवजी आडवा पसरतोय. तुम्ही ओरडता, पण आवाज पोचत नाही.

खाली, बरोबर गाळ्याखाली, कामगारांच्या जेवणाच्या खोल्या आहेत. आकडेमोड चुकते, हे मी समजू शकतो. अर्धवट पुलाखाली माणसं जेवायला बसवली, याचा राग मात्र आजही जात नाही.

11.50. दोन हजार टन खाली येतात. 35 माणसं जातात. तळोज्यात तेव्हा सकाळचे 7.20 झालेत, जिल्हा कुलाबा, शिवारात भात पिकत आलंय. सिडकोला जेमतेम सात महिने झालेत.

व्हिएन्ना 1969, वेल्समधलं मिलफर्ड हेवन 1970, कोब्लेन्झ 1971: हे पूलही बांधकाम चालू असतानाच वाकले किंवा कोसळले. मग ब्रिटनच्या मेरिसन समितीनं उभारणीच्या टप्प्यांचीही स्वतंत्र तपासणी मागितली.

आता 2022, शिवडी-न्हावामधला समुद्र. अटल सेतूचा पोलादी गाळा करंजाला जोडून, पेटी बंद करूनच बार्जवर आलाय; अख्खाच उचलतात. असे 70 गाळे, सर्वांत लांब 180 मीटरचा.

जेवणाची सुट्टी होते. तुम्ही पुन्हा तळोज्यात. एक पोरगा डबा घेऊन गर्डरच्या सावलीत बसतो.

"तिथं नको रे," फोरमन म्हणतो, "इकडं भिंतीशी ये."