टब काढला तर घराचा भाव पडतो का?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला आणि एका काकूंनी वेगळाच विषय काढला. त्यांची लेक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहते. काकू तिच्याकडे दोनदा जाऊन आल्यात. दुसऱ्या खेपेला न्हाणीघरातल्या टबात पाय टाकताना त्यांचा तोल गेला. थोडक्यात निभावलं, पण गुडघा महिनाभर सुजलेला होता. लेक म्हणाली, टब काढून टाकू, साधा शॉवर बसवू. तेव्हा तिथला घरांचा दलाल जावयांना म्हणाला, टब काढू नका, उद्या घर विकताना भाव पडेल.

काकूंनी आम्हाला विचारलं, "बायांनो, घराची किंमत टबावर असते का गं?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हातारीचा गुडघा एका बाजूला आणि अजून जन्माला न आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू होता. मग आम्ही या टबाचा इतिहासच शोधायला घेतला. तोच आज तुम्हाला सांगतो.

ज्यांनी टब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर गुरांना पाणी पाजायची डोण डोळ्यासमोर आणा. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, कडा गुडघ्याला लागेल एवढी उंच. ती पाण्याने भरायची आणि आत पाय पसरून बसायचं. डोणीचं उदाहरण आम्ही उगीच देत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शेबॉयगन नावाचं गाव आहे. तिथे जॉन मायकल कोहलर यांचा बिडाचा कारखाना होता. १८८३ साली त्यांनी जनावरांच्या बिडाच्या डोणीला पांढरा मुलामा चढवला, खाली चार पाय लावले आणि झाला टब. पहिला टब एका शेतकऱ्याने एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन नेला, असंही सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. पण आपल्या बाजारात बसणाऱ्या बायकांना हा सौदा पटेल.

या विषयात थापाही भरपूर आहेत. एच. एल. मेंकेन नावाच्या पत्रकाराने १९१७ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात टबाचा सगळा इतिहास मनानेच रचून छापला. पहिला टब कोणी केला, कोणत्या राष्ट्राध्यक्षाने तो आपल्या घरी बसवला, सगळं बनावट! पुढे त्याने स्वतः कबूल केलं की ती थट्टा होती. तरी लोक ते खरं म्हणून सांगत राहिले. छापलंय म्हणजे खरं, असं मानणारे तिकडेही आहेत म्हणायचे.

त्या काळात खेड्यातल्या घरात बसता टब नव्हताच. पत्र्याचं घमेलं शनिवारी रात्री स्वयंपाकघरात चुलीजवळ मांडायचं, पाणी तापवायचं, आणि त्याच पाण्यात घरातल्यांनी एकामागून एक अंघोळ करायची. विहिरीवरून पाणी ओढायचं, तापवायचं, नंतर उपसून बाहेर टाकायचं, हे काम बहुतेक घरी बाईचंच. एक किस्सा तिकडे सांगतात. १९२० नंतरच्या काळात पाहणीला आलेल्या बाईंनी एका शेतकरणीला विचारलं, घरात टब नाही, मग मोटार आधी का घेतली? ती म्हणाली, टबात बसून शहरात जाता येत नाही. आमच्या मते तिने घरातल्या वस्तूंची किंमत त्या दलालापेक्षा बरी ओळखली होती.

१९४० साली अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा घरांचीही मोजणी झाली. गरम आणि थंड नळाचं पाणी, संडास, आणि टब किंवा शॉवर, या सोयी घरात आहेत का, हे पाहिलं गेलं. जवळजवळ निम्म्या घरांत, म्हणजे शेकडा ४५ घरांत, या सगळ्या सोयी नव्हत्या. १९७० पर्यंत हे प्रमाण शेकडा सातवर आलं. आम्हाला या मोजणीतला एक शब्द फार महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे 'किंवा'. टब किंवा शॉवर. सरकारच्या हिशेबात दोन्ही सारखेच होते. अंग धुवायला जागा आणि पाणी आहे ना, मग झालं.

मग टबाचा भाव वाढला कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर. सैनिक घरी परतले, लग्नं झाली, १९४६ ते १९६४ या काळात तिकडे पोरंच पोरं झाली. त्यांच्यासाठी शहराबाहेर हजारो एकसारखी घरं उठली. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटाउन त्यातलं गाजलेलं, १९४७ साली सुरू झालेलं. दोन खोल्या झोपायच्या, एक न्हाणीघर, त्यात पाच फुटी टब. लहान पोरांना धुवायला टब सोयीचा, हे कुठल्याही आईला कळेल. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. ही घरं सुरुवातीला काळ्या माणसांना विकतच नसत. पैसे असोत, नोकरी असो, सैन्यात सेवा केलेली असो, तरी नाही. शेजारी काळं कुटुंब आलं की भाव पडतो, असं तिथले घर विकणारे म्हणत. म्हणून 'भाव पडतो' हे शब्द कानावर आले की आम्ही जरा सावध होतो. त्या शब्दांच्या मागे काय काय लपवलेलं असतं!

घरांच्या दलालीतले शब्द तर ऐकाच. हात धुवायचं भांडं, संडास, शॉवर आणि टब, चारही असले तर ते पूर्ण न्हाणीघर. टब नसला तर पाऊण. नुसतं भांडं आणि संडास असेल तर अर्धं. हे ऐकल्यावर आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण जन्मभर पाऊण अंघोळच केली की गं!" जाहिरातीत पूर्णाचं पाऊण झालं की गिऱ्हाईक नाक मुरडेल, ही दलालाची भीती तिथून येते.

ती अगदीच खोटी नाही. घरात एकच न्हाणीघर असेल आणि त्यातला टब काढला, तर लहान मूल असलेलं जोडपं दुसरं घर बघेल. म्हणूनच तिकडचे जाणकार सहसा सांगतात की घरात एक तरी टब राहू द्या, बाकीच्यांचं हवं ते करा. पण १९४६ साली जन्मलेली ती पोरं २०११ साली पासष्ट वर्षांची झाली. आता त्यांनाच टबाची कड ओलांडता येत नाही. कड नसलेला, धरायला दांडी असलेला, बसायला पाट असलेला शॉवर आता म्हातारी गिऱ्हाइकं मागून घेतात. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २००८ सालचा हिशेब मांडला होता. पंधरा वर्षांवरची सुमारे २ लाख ३४ हजार माणसं न्हाणीघरात इजा होऊन तातडीच्या उपचाराला गेली. पाचातली चार पडूनच. वय वाढेल तसं प्रमाण वाढत गेलं, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त.

आपल्याकडची मोजणीही सांगून टाकतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागातल्या शेकडा ५५ घरांत अंघोळीला जागाच नव्हती. शेकडा वीसच्या आसपास घरांत नुसता आडोसा, वर छप्पर नाही. तट्ट्याच्या आडोशाला, दगडावर बसून, उजाडायच्या आत अंघोळ उरकणाऱ्या आपल्यातल्या किती जणी आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. मुलीसाठी स्थळ बघताना आपण शेती विचारतो, नोकरी विचारतो. अंघोळीची जागा कुठे आहे, हे विचारलं की अजूनही पुरुषमंडळी खाली बघतात.

हे सगळं आम्ही काकूंना सांगितलं आणि त्यांनी ते लेकीला फोनवर ऐकवलं. त्या घरात दोन न्हाणीघरं आहेत, हे तेव्हा कळलं! हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग वरच्या मजल्यावरचा टब राहिला. खालचा काढला, तिथे शॉवर बसवला, भिंतीला दोन दांड्या लावल्या. काकू दिवाळीनंतर तिकडे जाऊन राहिल्या. शॉवर कसा आहे विचारलं, तर म्हणाल्या, "चांगला असेल. मी पाटावर बसते, बादली भरून घेते आणि मगाने पाणी घेते."