सरकी, बियाणं आणि सळई

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आमच्या आबांच्या तोंडी कायम असे. त्यांच्या लेखी सोनं म्हणजे कापूस. १९०० साली हैदराबाद-मनमाड रेल्वे जालन्यावरून धावू लागली, आणि जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्याला जोर आला. आबा अशाच एका जिनात मुकादम. सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, गाडीत चढवायच्या. सूत आणि कापड बाहेरच्या गिरण्यांत. परत यायचं ते धोतर-लुगडं. निजामाची हद्द ओलांडताना करोडगिरीचा नाका, आणि नाणंही निराळं: इकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. हंगामात गाव गजबजे, होळीनंतर जिन थंड.

असं एकाच पिकावर उभं राहणं किती धोक्याचं असतं, ते १९७२ च्या दुष्काळानं दाखवलं. आत्या तेव्हा खडी फोडायला जायची. एकदा मी विचारलं, "शेतकरी-मजूर ठीक, पण सुतारसुद्धा खडी फोडत होते?"

"अरे, ज्याचं औत भरायचं तोच शेजारी हातोडा घेऊन बसलेला. मग सुतारानं करावं काय?"

पाऊस एकाचाच गेला नव्हता. सगळ्यांचा पोशिंदा एकच होता.

बदलाची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरू झालेलं काम पुढे संकरित कपाशीपर्यंत गेलं. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आत्याही नंतर बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाऊ लागली. संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, नखानं तिचे पुंकेसर काढायचे आणि आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नर झाडाचं फूल त्यावर हलकेच घासायचं. खडी फोडलेल्या त्याच हातांना ही कला आली! तिची मजुरी मात्र त्या कलेच्या तोलाची कधीच नव्हती, हे सांगितलंच पाहिजे.

बियाणं आलं म्हणजे उगवणशक्ती तपासणारी प्रयोगशाळा आली, पाकिटं छापणारा आला, गोदाम आलं, ट्रक आले. हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९५८ मध्ये हेच मांडलं होतं: एक उद्योग आपल्या मागचे-पुढचे धंदे ओढून आणतो. पुढे जालन्यात पोलादही फोफावलं. भंगार भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, ते तापवून सळई लाटायची. या भट्ट्यांपुढे बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं घाम गाळतात.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली. वडील महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. पण भाऊ रोलिंग मिलमध्ये होता, वहिनी बियाण्याच्या प्रयोगशाळेत. घरातलं कुणी खडी फोडायला गेलं नाही. अर्थव्यवस्था गुंतागुंतीची होते म्हणजे काय, ते मला या दोन दुष्काळांतल्या फरकानं कळलं.

हा फरक सगळ्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नाही. मंठा, घनसावंगीकडून ऊसतोडीला टोळ्या अजून जातात, आणि आपला बराचसा कापूस आजही गाठी होऊनच बाहेर जातो. समृद्धी महामार्ग दारात आला आहे. त्यावरून नुसत्या गाठी लवकर पोचवण्यात समाधान मानू नका. सूत आणि कापड इथे, तालुक्याच्या गावी व्हावं, यासाठी जालनेकरांनी आता हट्ट धरला पाहिजे.