आश्विनातली बालवाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आश्विन लागला की अलिबागच्या आसपासची हळवी भातं पिवळी पडू लागतात. दसऱ्याला आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या लोंब्या गुंफून दाराला नवं बांधायचं, ही कोकणातली जुनी रीत. पाऊस सरतो, ऊन चटके देऊ लागतं. आणि नेमक्या याच दिवसांत एखाद्या बालवर्गाच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता लागतो. त्यात शरद ऋतू म्हणजे तांबूस-तपकिरी पानं गळणारं झाड. मुलं आठवडाभर ती पानं रंगवत बसतात. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. तक्ता कुठल्या तरी थंड मुलखातला, आणि तो पाहणारं मूल मात्र खारेपाटातलं!

लहान मुलाला काय शिकवायचं आणि ते कुठून आणायचं, हा प्रश्न आजचा नाही. पंतोजींच्या शाळेत तो उद्भवलाच नव्हता. मूल पाचेक वर्षांचं झालं की दसऱ्यासारख्या मुहूर्तावर धूळपाटीवर ओनामा गिरवायचा, आणि शिक्षण सुरू. त्याआधीचं मूल घरातलं. पण घरात ते काहीच शिकत नव्हतं का? भोंडला किंवा हादगा आठवून पाहा. पाटावर हत्ती काढायचा, हात धरून फेर धरायचा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक भर. शेवटी झाकलेला डबा हलवून, आवाजावरून खिरापत ओळखायची. मोजणं झालं, ताल झाला, कान तयार झाला. मोठ्या बहिणीचं बोट धरून आलेली तीन-चार वर्षांची पोर हे सगळं टिपत असे. यालाच पुढे ज्ञानेंद्रियांचं शिक्षण असं भारदस्त नाव मिळालं.

ते नाव आलं इटलीतून. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह काढलं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील! १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. शहरातल्या सुशिक्षित घरांना ही पद्धत पटली. पण माँटेसरीची ती लाकडी साधनं, मनोरे, दट्टे, पेट्या, सगळंच महाग. खेड्यातल्या शाळेला ती परवडणार कशी?

गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराची ओढ ताराबाईंना होतीच. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई वाघ तिथे आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिका म्हणून स्थिरावलेल्या पस्तीस वर्षांच्या अनुताईंचं पुढचं सगळं आयुष्य याच कामात गेलं.

या दोघींनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं आणि माती घेतली. शिंपले लहान-मोठे लावले की मनोऱ्याचं काम होतं, आणि ते मुलाच्या ओळखीचे असतात. हे आज सोपं वाटतं. त्या काळी मात्र शास्त्रशुद्ध पद्धतीत ढवळाढवळ वाटावी असंच ते धाडस होतं.

पण साधनांचा प्रश्न सुटला, तरी मुलांचा सुटला नाही. बोर्डीत त्या काळच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत, तिथली मुलं मध्यवर्ती बालवाडीत येईनात. मग शिक्षिकाच वाड्यात गेल्या आणि अंगणात वर्ग भरू लागला. ती अंगणातली बालवाडी, म्हणजेच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून शाळा चुकते, असं दिसलं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. यातली एकही कल्पना टेबलाशी बसून सुचलेली नाही. प्रत्येकीच्या मागे न आलेलं एक मूल आहे. माझ्या मते ताराबाईंचं मोठेपण या हजेरीपटात आहे, १९६२ साली मिळालेल्या पद्मभूषणपेक्षाही.

अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वस्तीवस्तीत अंगणवाडी आली. केंद्र सरकारने २०२४ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. त्यात वर्षाचे ४८ आठवडे मांडले आहेत, आणि आठवड्याचे दिवस पाच अधिक एक असे. आठवड्याला विषय बांधून देण्यात चूक काही नाही. त्यामुळे सेविकेला आधार मिळतो. फक्त त्या चौकटीत भरायचं ते अलिबागचं हवं.

समजा, दसऱ्यानंतरचा आठवडा भाताचा आहे. सोमवारी लोंबी हातात द्यावी, एकेका लोंबीवरचे दाणे मुलं मोजतील, आणि वीसच्या पुढे गडबडतील. मंगळवारी दाणा सोलून तूस वेगळं, तांदूळ वेगळा. भात आणि तांदूळ हे दोन शब्द एकाच दाण्याचे कसे, यावर वर्गात बराच वाद होईल आणि तो होऊ द्यावा. बुधवारी पेंढ्याची वेणी. एखाद्या दिवशी किनाऱ्यावर जावं, पण घड्याळ पाहून नव्हे, तिथी पाहून. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी फारसं उतरत नाही, पौर्णिमा-अमावास्येला मात्र खूप आत जातं आणि शिंपल्यांचा पट्टा उघडा पडतो. कोळीवाड्यातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, ती सेविकेलाच सांगतील! वासाच्या खेळासाठी सुकट, बोंबील, सोडे डोळे मिटून ओळखायला द्यावेत. हा खेळ इथल्या मुलांइतका चांगला कोण खेळेल? दिवाळीच्या आठवड्यात मातीचा किल्ला. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभाच आहे, चित्राची गरज नाही.

इथपर्यंत सगळं जमण्यासारखं आहे. अडचण पुढच्या आठवड्यात आहे. कापणीच्या दिवसांत आई-बाप पहाटे शेतावर जातात, मूल बांधावर असतं. झोडणी उरकते, दिवाळी होते आणि रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी कोळशाच्या भट्टीवर. भट्टीवरची उचल बहुधा आधीच घेतलेली असते, त्यामुळे न जाण्याची सोय नसते. मुलंही बरोबर जातात. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. कुरणशाळेचीच ती वाट होती. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मुलाचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं. भट्टीजवळ अंगणवाडी असेल, तिथल्या सेविकेला हे मूल आपलं वाटलं आणि आईला मालकाने तेवढा वेळ जाऊ दिलं, तर त्या मुलाचा आठवडा पुढे चालू राहतो.

नाही तर हिशेब असा आहे. कुटुंब नोव्हेंबरच्या मध्यावर निघतं आणि आगोटीच्या तोंडाशी, मेअखेर परततं. म्हणजे अठ्ठावीस आठवडे झाले. अभ्यासक्रमातले आठवडे ४८.