एचडीआर छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअर : मूल्यमापन
एकाच दृश्याची वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे एकत्र करून अतितेजस्वी व गडद अशा दोन्ही भागांतील तपशील टिकवणाऱ्या प्रणालींची पारख. अशा छायाचित्रांवरून दृश्याची तेजस्विता काढण्याची पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांची पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. फोटोशॉप सीएस२ मध्ये २००५ साली अशी छायाचित्रे एकत्र करण्याची सोय आली. फोटोमॅटिक्स व मुक्त स्रोत ल्युमिनन्स एचडीआर या खास याच कामाच्या प्रणाली होत.

पारखीसाठी कठीण दृश्य घ्यावे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात कडेम नदीवर असलेला, सुमारे ४५ मी. उंचीचा कुंटाला धबधबा त्यास योग्य आहे. सावलीतला कातळ, फेसाळ पाणी, झाडी व उजळ आकाश तेथे एकाच चौकटीत येतात.

तपासण्याचे मुद्दे : (१) कॅमेरा हातात धरून टिपलेल्या चित्रांची अचूक जुळणी, (२) वाहते पाणी व हलती पाने यांमुळे उमटणाऱ्या दुहेरी प्रतिमांचे निवारण, (३) कातळ व आकाश यांच्या सीमेवर दिसणारी कृत्रिम प्रभावळ, (४) सावलीतील नॉईज, (५) रॉ फाइल वाचण्याची व ३२ बिट स्वरूपात जतन करण्याची क्षमता. पांढरे पाणी राखाडी दिसू लागल्यास टोन मॅपिंग (तेजस्वितेचा मोठा पल्ला पडद्यावर दाखवता येईल इतका आकुंचित करणे) प्रमाणाबाहेर गेले असे समजतात.