घाट चढून आलेलं तेल

पौषातल्या पहाटे लोणावळ्यात खोबरेलाची बाटली उलटी धरली तर थेंब पडत नाही. पारा २४-२५ अंशांखाली गेला की खोबरेल थिजतं, आणि इथली थंडी त्याच्याही बरीच खाली उतरते. माझी आत्या चमच्याच्या दांड्याने ते कोरून काढायची, तळहातावर चोळून सैल करायची आणि आमच्या डोक्यावर थापायची. त्या पांढऱ्या गोळ्याला तिने कधी नाव दिलं नाही. तिची सून, म्हणजे आमची वहिनी, आता कोकमाचं तूप, खोबरेल आणि मेण एकत्र वितळवते, रवीने घुसळते, बरणीत भरते आणि त्याला ‘हेअर बटर’ म्हणते. आत्याला त्यात नवल वाटत नाही. मला वाटलं ते त्या बरणीतल्या एकेका जिनसाच्या प्रवासाचं.

डोक्याला लावायच्या सुवासाचा मावळाशी संबंध जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यातला एक दाता धेनुकाकटचा सिंहदत्त. व्यवसायाने गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. लेण्यासमोरून कोकण आणि देश जोडणारी वाट जात होती, तेव्हा असा माणूस इथे पैसे खर्च करतो यात आश्चर्य नाही. लेण्याशेजारच्या एकवीरेच्या देवळाला जाणाऱ्या गर्दीत त्याच्या नावाखालून आपण सगळेच न बघता जातो.

सुवास वाटेने आला, तेल मात्र घरचं होतं. मावळाचं स्वतःचं तेल खुरासणीचं. भातखाचरांच्या वरच्या वरकस उतारावर ती पेरायची. पावसाळा सरता सरता डोंगर पिवळे दिसतात ते तिच्यामुळे. बी तेल्याच्या घाण्यावर जायचं, तेल घरी यायचं, पेंड गोठ्यात. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे घाणाच चालवत, आणि त्यांची समाधी मावळ तालुक्यातल्या सुदुंबऱ्याला आहे. गाथा आपल्यापर्यंत पोचली त्यात तेलकट बोटांचाही वाटा आहे, असं मी सुदुंबऱ्याला गेलो की मनात म्हणतो.

नारळ आणि कोकम ही दोन्ही घाटाखालची झाडं. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, त्याआधी सगळा माल बैलांच्या पाठीवरून वर यायचा. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुण्याचा लोहमार्ग सलग झाला. रोजच्या वेणीफणीला खोबरेल लागणं ही आम्ही अनादि चाल समजतो. मला ती बरीचशी रेल्वेची देणगी वाटते.

कोकमाच्या तुपाची गोष्ट अधिक गोड आहे. मे महिन्यात कोकणात आमसुलं घालून झाली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. तरंगणारा स्निग्धांश काढून घ्यायचा आणि निवताना मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. म्हणून काही भागांत त्याला मुठेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध. ते साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, त्यामुळे भर वैशाखातही बरणीत घट्ट राहतं आणि माणसाच्या ऊबदार हातात मात्र सैल पडतं. आफ्रिकेतल्या शीया बटरचे डबे हजार रुपयांना घेणाऱ्यांनी घाटाखाली एकदा डोकावायला हरकत नाही.

बटरमध्ये पाणी नसतं; क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेलं. तेही आपल्याकडे नवं नाही. आयुर्वेदातलं शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप. ते शेवटी पांढरंशुभ्र, हलकं मलम होतं. केसांसाठी डबीतून क्रीम विकायची चाल मात्र साहेबाची. १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम निघालं, त्यात खनिज तेल, पाणी आणि मेण. पुढे २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की खोबरेल केसात मुरतं आणि त्यातलं प्रथिन कमी धुपतं. खनिज तेलाला ते जमत नाही. अभ्यास करणारे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगायला हवं. आत्याचं मत बदललं नाही, कारण तिने तो वाचलाच नव्हता.

वहिनीचं प्रमाण असं: एक वाटी कोकमाचं तूप, तीन वाट्या तेल, चमचाभर मेण. मंद आचेवर वितळलं की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून घुसळायचं. आपोआप निवू दिलं तर रवाळ होतं. साजूक तुपाची जी कौतुकाची खूण, ती इथे खोड ठरते. पाण्याचा थेंब पडता कामा नये. एका आषाढात मी शहाणपणाने कोरफडीचा ताजा गर मिसळला. लोणावळ्याचा पाऊस, दमट कपाट. आठ दिवसांत बरणीवर हिरवी साय आली.

पाला हवाच असेल तर आधी तेलात सिद्ध करायचा. शास्त्रात प्रमाण आहे: कल्क एक भाग, तेल चार, रस किंवा काढा सोळा. पाणी उडेपर्यंत आटवायचं. कल्काची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर तडतडली नाही की तेल झालं. आत्या वात चुलीत टाकून कान लावायची. चर्र झालं तर पातेलं परत चुलीवर.

आणि हा पाला म्हणजे माका. नारळ आणि कोकम घाट चढून आले, हा इथलाच. भातखाचरात आपोआप उगवणारं तण. मागच्या वर्षी वहिनीने भृंगराज, म्हणजे माक्याच्याच, चूर्णाचं पाकीट घरपोच मागवलं. आत्याने ते हुंगलं, त्यावरची किंमत नातवाकडून वाचून घेतली, आणि काही न बोलता विळा घेऊन बांधाकडे गेली. तिथे इंद्रायणी भातातून उपटलेल्या माक्याचा ढीग बायांनी सकाळीच काढून टाकला होता.