पी-अणुकेंद्रे

लोखंडाहून जड मूलद्रव्यांचे प्रोटॉनबहुल, स्थिर किंवा अतिदीर्घायुषी आणि बहुधा दुर्मिळ समस्थानिक. सेलेनियम-७४ पासून पारा-१९६ पर्यंत असे ३५ समस्थानिक परंपरेने मोजतात.

यांपैकी एक नंदुरबारच्या पायाखाली आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यात दख्खनच्या बेसाल्टाला चिरत पूर्व-पश्चिम गेलेले डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या काळ्या भिंती, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी काळातले आहेत. त्यांच्या फेल्डस्पारात कॅल्शियमच्या जागी थोडे स्ट्राँशियम शिरलेले असते आणि त्याच्या दर हजार अणूंत पाच-सहा अणू स्ट्राँशियम-८४ चे. भूवैज्ञानिक ८७ व ८६ यांचे गुणोत्तर तपासतात. ८४ कडे सहसा कोणी बघत नाही. पण हे अणू खडकाहूनच नव्हे, सूर्याहूनही जुने आहेत.

जड मूलद्रव्ये बहुतांशी न्यूट्रॉन गिळत आणि बीटा-ऱ्हासाने पुढे सरकत घडतात. ही वाट स्ट्राँशियम-८४ पर्यंत पोचत नाही: तेवढ्याच वस्तुमानांकाचा क्रिप्टॉन-८४ स्थिर असल्याने ऱ्हासाची साखळी तिथेच थांबते. १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल (जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू) यांनी या समस्थानिकांसाठी वेगळी ‘पी-प्रक्रिया’ सुचवली. त्याच वर्षी कॅमरन यांनीही स्वतंत्रपणे हा प्रश्न हाताळला. ‘पी’ हे अक्षर प्रोटॉनचे, आणि थोडे फसवेच. प्रोटॉन भरून ही केंद्रे घडवायची तर विद्युत प्रतिकर्षण आड येते.

आज मुख्य मार्ग मानला जातो तो उलटा, तोडफोडीचा: गॅमा प्रक्रिया. प्रचंड ताऱ्याचा स्फोट होताना आघाततरंग ऑक्सिजन-निऑनच्या थरातून जातो. तिथले तापमान सेकंदभर २ ते ३ अब्ज केल्विनपर्यंत चढते आणि गॅमा किरण आधीच घडलेल्या जड केंद्रांतून न्यूट्रॉन उडवतात, पुढे प्रोटॉन व अल्फा कणही. कच्चा माल मागल्या पिढ्यांच्या ताऱ्यांचा. थर जास्त तापला तर सारेच लोखंडाच्या आसपास वितळून जाते. कमी तापला तर काहीच घडत नाही.

मॉलिब्डेनमपाशी मात्र हिशेब चुकतो. त्याचे ९२ व ९४ हे दोन पी-समस्थानिक मिळून नैसर्गिक मॉलिब्डेनमचा जवळजवळ चौथा हिस्सा होतात, आणि गॅमा प्रक्रियेच्या गणितातून ते फारच कमी निघतात. रुथेनियम-९६ व ९८ यांचेही तेच. नवजात न्यूट्रॉन ताऱ्यालगतचा न्यूट्रिनोंनी तापवलेला प्रोटॉनबहुल वारा किंवा श्वेत बटूचा स्फोट हे पर्याय चर्चेत आहेत. कोणताही अजून निर्विवाद नाही.