खोटी गोळी, पण अगदीच खोटी नाही

११ डिसेंबर १९४५, स्टॉकहोम. पेनिसिलिनच्या कौतुकात सारं जग बुडालेलं असताना अलेक्झांडर फ्लेमिंगने नोबेल व्याख्यानाच्या शेवटी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून थोडंसंच घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. मग तेच जंतू बायकोला न्यूमोनिया देतात, पेनिसिलिन चालत नाही आणि ती बिचारी जाते.

(मुंबईहून निघताना आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत अँटिबायोटिक्सच्या स्ट्रिप्स असतात. घसा खवखवला की दोन घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. असो.)

पण फ्लेमिंगच्या माणसाला निदान खरं औषध मिळालं होतं. गोळीतच औषध कमी असेल तर? सगळा कोर्स इमानदारीने पुरा करणारा रोगीही नकळत तेच करून बसतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण जंतूंचं नाही, मलेरियाच्या परजीवीचं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम भागात आर्टेसुनेटच्या नकली गोळ्या दिसू लागल्या. अस्सल माल चीनमधल्या गुइलिनच्या कंपनीचा, पाकिटावर होलोग्राम. नकलाकारांनी होलोग्रामही केला, एकदोन नव्हे, पुढे मोजले तेव्हा चौदाहून जास्त प्रकार निघाले! गोळीत बहुधा आर्टेसुनेट शून्य. काहींत पॅरासिटामॉल, म्हणजे ताप तात्पुरता उतरून रोगी खूश. काहींत एरिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल असली अँटिबायोटिक्ससुद्धा.

शून्य औषधाची गोळी रोग्याचा जीव घेऊ शकते, पण परजीवीला काही शिकवत नाही. यावर उपाय म्हणून एक स्वस्त रंगचाचणी निघाली. द्रावण पिवळं झालं की गोळीत आर्टेसुनेट आहे. इंजिनिअर म्हणून मला ती फार आवडली. पण मग अशा नकली गोळ्या सापडू लागल्या ज्यांत थोडंसं आर्टेसुनेट होतं, ५० मिलिग्रॅमच्या जागी जेमतेम दहा-बारा. चाचणीला चकवण्यापुरतं, असा संशोधकांचा कयास. म्हणजे रोग्याला बरं करायला अपुरं आणि परजीवीला तालीम द्यायला पुरेसं. तपासणी कडक केली आणि त्यातून जास्त घातक नक्कल जन्माला आली, याला काय म्हणावं?

२००९ मध्ये कंबोडियातल्या पैलिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातून परजीवी जायला तिथे सुमारे ८४ तास लागत होते, थायलंडमधल्या वांग फा इथे ४८. सगळं खापर नकली गोळ्यांवर फोडणं मला पटत नाही. त्या भागात आर्टेमिसिनिन वर्षानुवर्षं एकटंच, जोडीला दुसरं औषध न देता वापरलं गेलं होतं, आणि क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरियाही पूर्वी तिथूनच निघाला होता. पण थोडक्या मात्रेच्या गोळ्यांनी त्या आगीत तेल ओतलं नसेल असं म्हणायला धाडस लागेल.

पोलिसी तपास मात्र झकास झाला. इंटरपोलच्या 'ऑपरेशन ज्युपिटर'मध्ये न्यूझीलंडच्या डॅलस मिल्डेनहॉल या परागतज्ज्ञाने गोळ्यांत अडकलेले परागकण तपासले. परागकण आणि गोळीतला कॅल्साइट मिळून बोट दक्षिण चीनकडे गेलं. तिथल्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याला पकडलं. त्याने २,४०,००० पाकिटं विकल्याचा आरोप होता. हाती लागली ती त्यातली जेमतेम एक दशांश.